लेगोकडे मोठेपणी परतताना आणि संगणकावर मॉडेल रचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरून लहानपणीची पेटी काढली आहे. ते जुने तुकडे आजच्या तुकड्यांना बसतील का?

बसतात. वर स्टड (म्हणजे गोल उंचवटे) आणि आत पोकळ नळ्या ही रचना कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी नोंदवली, आणि आजही तीच चालते. तुकड्यांचं प्लास्टिक मात्र १९६३ पासून एबीएस झालं. त्याआधीचं सेल्युलोज अॅसिटेट कालांतराने वाकतं. तुमची पेटी ऐंशी-नव्वदच्या दशकातली किंवा नंतरची असेल तर ती काळजी नाही.

घोळ होतो तो रंगात. २००४ च्या सुमारास कंपनीने फिकट आणि गडद असे दोन्ही करडे आणि तपकिरी हे रंग बदलले. जुना करडा किंचित पिवळसर आहे, नवा निळसर. दोन्ही एका भिंतीत लावले की ठिगळ दिसतं. पेटीतले करडे तुकडे दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून आधीच वेगळे करा. ट्यूबलाइटखाली हा फरक नीट कळत नाही.

आणखी एक सावधगिरी. दोन हजारच्या दशकातले तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात. छोट्या क्लिपा आणि १×२ प्लेटी (एक बाय दोन स्टडांचे पातळ तुकडे) तर नुसत्या काढतानाही तडकतात. हे तुकडे ताण येणाऱ्या जागी लावू नका, आणि काढताना पिळू नका.

धुवायचे कसे?

पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम नको. त्यात भांडी घासायचं सौम्य लिक्विड घालून तुकडे तासभर भिजवा, मऊ टूथब्रश फिरवा आणि दोन पाण्यांतून काढा. वॉशिंग मशीन, डिशवॉशर, ओव्हन, हेअर ड्रायर हे सगळं वर्ज्य, कारण उष्णतेने तुकडा जरासा जरी वाकला तरी त्याची पकड जाते. मोटर, बॅटरीचे डबे, दिवे आणि स्टिकर लावलेले तुकडे पाण्यात टाकू नका.

वाळवताना स्टड वर ठेवले तर आतलं पाणी निथळतं. टॉवेलवर पसरून पंख्याखाली एक दिवस ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस लागतात. ओलसर तुकडे डब्यात भरले तर प्लास्टिकला काही होत नाही, पण वास येतो आणि धातूचे आस असलेली जुनी चाकं गंजतात.

पांढरे तुकडे पिवळे पडलेत. परत पांढरे होतात का?

बऱ्याच अंशी होतात. पिवळेपणा अतिनील किरणांनी पृष्ठभागावर येतो. औषधाच्या दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पारदर्शक डब्यात घ्या, तुकडे पूर्ण बुडवा आणि डबा उन्हात ठेवा. झाकण सैल ठेवायचं, कारण आत वायू तयार होतो. तुकड्यांना बुडबुडे चिकटून ते वर तरंगतात आणि वर राहिलेला भाग डागाळतो, म्हणून तासाभराने ढवळत राहा. चार ते आठ तासांत फरक दिसतो. हातमोजे आणि चष्मा हवेतच. छपाई असलेले तुकडे यात टाकू नका, आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा या प्रक्रियेतून काढू नका. पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो, त्यामुळे असे तुकडे भिंतीच्या आतल्या बाजूला लावणं शहाणपणाचं.

दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे मिसळले तर चालेल?

मूळ पेटंटांची मुदत कधीच संपली, त्यामुळे त्याच मापाचे ठोकळे बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. काहींचा दर्जा चांगला असतो. अडचण येते ती दोन कंपन्यांची पकड आणि रंगछटा वेगळी असल्यामुळे. मिसळायचेच असतील तर पायात आणि आतल्या भरावात लावा. बिजागऱ्या, क्लिपा, आडव्या जोडण्या आणि दर्शनी भिंत एकाच बनावटीची ठेवा. अस्सल लेगोच्या प्रत्येक स्टडवर कंपनीचं नाव उठावात असतं. भिंगाशिवायही ते वाचता येतं.

तुकडे रंगानुसार लावावेत की आकारानुसार?

आकारानुसार. लाल ढिगातून लाल १×१ प्लेट शोधणं डोळ्यांना फार जड जातं. वेगवेगळ्या रंगांच्या १×१ प्लेटींमधून लाल उचलणं मात्र क्षणाचं काम. सुरुवातीला ब्रिक (उंच ठोकळे), प्लेट, टाइल (वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे), उतार (तिरप्या बाजूचे तुकडे), टेक्निक (दातेरी चाकं, आस, भोकांच्या दांड्या), चाकं-खिडक्या-दारं आणि माणसं असे सात-आठ डबे पुरतात. एखादा डबा शोधताना हात घोळवावा लागेल इतका भरला की तेवढाच फोडा. पहिल्याच दिवशी चाळीस कप्पे केले तर निम्मे रिकामे राहतात.

तुकडा ओळखता येत नसेल तर त्याच्या आतल्या बाजूला बारीक अंक कोरलेले असतात ते पाहा. २×४ ब्रिकवर ३००१, २×४ प्लेटवर ३०२०, १×२ प्लेटवर ३०२३. हाच क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये टाकला की तुकडा समोर येतो.

डिजिटल मॉडेलिंगला बसण्याआधी कोणती मापं पाठ हवीत?

दोन स्टडांमधलं अंतर ८ मिमी. ब्रिकची उंची ९.६ मिमी, प्लेटची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटी मिळून एक ब्रिक. स्टडचा व्यास ४.८ मिमी. प्रत्येक ब्रिक ठरलेल्या जागेपेक्षा प्रत्येक बाजूला ०.१ मिमी आखूड असतो, म्हणून २×४ ब्रिक मोजला तर ३१.८ × १५.८ मिमी भरतो. ही सैल जागा नसती तर लांब भिंतीत तुकडे एकमेकांना रेटत बसले असते.

सगळ्यात उपयोगाचं समीकरण: पाच प्लेटींची उंची म्हणजे १६ मिमी, आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिमी. तुकडे आडवे करून लावायची सगळी कला या एका ओळीवर उभी आहे.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नव्याने सुरू करणाऱ्याने ब्रिकलिंक या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचं स्टुडिओ घ्यावं. ते मोफत आहे आणि विंडोज व मॅकवर चालतं. तुकडे स्टडला आपोआप चिकटतात, एकमेकांत घुसलेला तुकडा लगेच कळतो, आणि यादी, सूचना पुस्तिका, छायाचित्रासारखं रेंडर हे सगळं त्यातच होतं. लेगोचं स्वतःचं डिजिटल डिझायनर २००४ मध्ये आलं होतं. कंपनीने २०१९ मध्ये ब्रिकलिंक विकत घेतलं आणि २०२२ मध्ये स्टुडिओलाच अधिकृत साधन करून जुनं बंद केलं. जुन्या डिझायनरच्या फाइली कुठे पडल्या असतील तर स्टुडिओत आणून पाहा. बहुतेक तुकडे येतात, काही मात्र गळतात.

लिनक्स वापरत असाल तर लिओकॅड. ते हलकं आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. दोऱ्या, नळ्या, साखळ्या अशा वाकणाऱ्या तुकड्यांवर बारीक काम करायचं असेल तर एलडीकॅड, पण ते शिकायला वेळ द्यावा लागतो. काहीच उतरवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं मेकाब्रिक्स आहे.

यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एलड्रॉ आहे: एक सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचा तुकड्यांच्या आकृत्यांचा संग्रह. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये ते डॉस या जुन्या संगणक प्रणालीवर चालणारं सॉफ्टवेअर म्हणून लिहिलं. १९९७ मध्ये तो अकाली गेला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तुकड्यांचा तो संग्रह पुढे वाढवत नेला. आजही प्रत्येक नवा तुकडा कुणीतरी कॅलिपरने मोजून, त्रिकोण-चौकोनांत मांडून, दुसऱ्यांकडून तपासून घेऊन तिथे ठेवतं. तुमचं कोणतंही मॉडेल या कामावर उभं असतं, म्हणून हे नाव माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

पहिलं मॉडेल काय करावं?

हातात असलेला १०० ते २०० तुकड्यांचा एखादा संच. त्याची पुस्तिका समोर ठेवून तो पायरीपायरीने स्क्रीनवर बांधा. यात कल्पनाशक्ती लागत नाही, त्यामुळे सगळं लक्ष साधनावर राहतं: तुकडा शोधणं, फिरवणं, कॅमेरा वळवणं, बिजागरी उघडणं. शेवटी सॉफ्टवेअरने दिलेली यादी पुस्तिकेच्या मागच्या यादीशी ताडून पाहा. फरक निघाला तर बहुधा एकाच जागी दोन तुकडे एकावर एक पडलेले असतात. प्रत काढून हलवायला विसरलं की असं होतं, आणि पडद्यावर ते दिसत नाही.

खरी इमारत किती मोठी करायची हे कसं ठरवतात?

कोकणातलं साधं कौलारू घर घेऊ. रुंदी ६.४ मीटर, लांबी ७.७ मीटर, भिंत ३ मीटर उंच. लेगोचा माणूस ४ सेंटिमीटर उंच असतो. तो खऱ्या १.६ मीटरच्या माणसाएवढा धरला तर प्रमाण १:४० येतं. मग एक स्टड म्हणजे ३२ सेंटिमीटर आणि एक ब्रिक म्हणजे जवळपास ३८ सेंटिमीटर.

रुंदी ६.४ भागिले ०.३२, म्हणजे २० स्टड. लांबी २४ स्टड. भिंत ३ मीटर, म्हणजे ७.८ ब्रिक, ती ८ धरा. दार २.१ मीटरचं साडेपाच ब्रिक होतं, आणि बाजारात मिळणारी चौकट ४ स्टड रुंद व ६ ब्रिक उंच असते. ती चालते. आधी दार, खिडकी, चाक असे तयार तुकडे ठरवा आणि भिंत त्यांच्याभोवती बसवा. उलटं केलं की दारासाठी अर्ध्या ब्रिकची फट उरते आणि ती बुजवताना सगळी भिंत उसवावी लागते.

भिंतीचा घेर दोन वेळा २० अधिक २४, वजा चार कोपरे, म्हणजे ८४ स्टड. आठ थरांचे ६७२. एक दार २४ स्टड खातं, ४×३ च्या चार खिडक्या ४८. उरले ६००. सरासरी तीन स्टडांचा तुकडा धरला तर भिंतीला २०० च्या आसपास ब्रिक लागतात. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, आणि खर्चाचा अंदाज तिथेच येतो.

छप्पर नेहमी मध्यावर जुळत नाही. का?

कारण छपराची रुंदी आधी ठरवली जाते आणि थर नंतर मोजले जातात. ३३ अंशांचे म्हणून मिळणारे उतार (३×४ चा क्रमांक ३२९७, ३×२ चा ३२९८) तीन स्टड खोल असतात: दोन स्टड उतार आणि मागे एक स्टडांची रांग. वरचा थर त्या रांगेवर बसतो, म्हणजे प्रत्येक थर दोन स्टड आत सरकतो. शेवटच्या थराच्या दोन्हीकडच्या रांगा मध्यभागी चिकटून आल्या तरच त्यांवर दोन स्टड रुंद कोन्याचा, म्हणजे छपराच्या माथ्यावरचा, तुकडा (३२९९) बसतो. म्हणून छपराची रुंदी नेहमी थरांची चौपट अधिक दोन असावी लागते. पाच थरांना २२, सहांना २६. २० किंवा २४ रुंद छप्पर या तुकड्यांनी मिटतच नाही.

आपल्या २० स्टडच्या घराला पाच थर, २२ स्टड, म्हणजे दोन्हीकडे एक-एक स्टड वळचण. कोकणात वळचण याहून बरीच पुढे येते. तशी हवी असेल तर सहा थर घ्या. पहिला थर भिंतीबाहेर, भिंतीच्या सगळ्यात वरच्या थराच्या पातळीवर उतरतो. त्याखाली सात गोल १×१ ब्रिकचे खांब दिले की पडवी तयार.

पाच थरांचं छप्पर दोन्ही टोकांना दोन-दोन स्टड पुढे काढून २८ लांब केलं, तर नुसते ३×४ लावून एका थराला एका बाजूला सात लागतात. पण तसं करू नका. सगळे सांधे एका रेषेत येतात आणि छप्पर पट्ट्यापट्ट्यांनी सुटतं. दुसऱ्या आणि चौथ्या थराच्या दोन्ही टोकांना ३×२ लावा. मग एकूण ३२९७ चे ६६, ३२९८ चे ८, आणि कोन्याला ३२९९ चे ७.

आतून आधार हवाच, कारण प्रत्येक थर एकाच रांगेवर टेकलेला असतो. छपराच्या दोन उतारांखालची त्रिकोणी भिंत १६, १२, ८ आणि ४ स्टडांच्या चार थरांत उभी राहते, म्हणजे १×४ चे बरोबर दहा ब्रिक. हे थर मध्यावर धरले तर सांधे आपोआप एकाआड एक येतात. दोन्ही टोकांना एक-एक आणि मधे माजघराच्या भिंतीवर एक अशा तीन केल्या की छप्पर बोटाने दाबलं तरी खचत नाही.

जांभ्याची भिंत कशी दाखवावी?

१×२ चा विटांच्या खाचा असलेला ब्रिक (९८२८३) जांभ्याच्या चिऱ्यांना शोभतो. सगळी भिंत त्याचीच केली तर मात्र ती छापील वाटते. तीन भाग साधे १×२ आणि १×३, एक भाग खाचांचे, असं विखरून लावा. रंगासाठी डार्क ऑरेंज आणि रेडिश ब्राउन यांचं मिश्रण जवळ जातं. निवडलेला तुकडा त्या रंगात खरोखर बनला आहे का, हे आधी पाहा. स्टुडिओत न मिळणारे रंग लपवायचा पर्याय आहे, तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. पडद्यावर सुंदर दिसणारं मॉडेल मागवायची वेळ आल्यावर निम्मे तुकडे त्या रंगात कधी बनलेच नव्हते असं कळणं, ही या छंदातली सगळ्यात नेहमीची निराशा आहे.

तुकडा हवा तिथे बसत नाही, अर्धा स्टड सरकलेला राहतो. काय करावं?

बहुतेक तुकड्यांचा मूळबिंदू, म्हणजे ज्यावरून त्यांची जागा मोजली जाते तो बिंदू, त्यांच्या मध्यावर असतो. २×२ चा मध्य दोन स्टडांच्या मधोमध येतो, १×१ चा स्टडच्याच मध्यावर. त्यामुळे ग्रिड (तुकडा एका वेळी किती सरकतो ते माप) मोठ्या मापावर असेल तर सम आणि विषम रुंदीचे तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ग्रिड एक पायरी बारीक करा. खऱ्या मॉडेलमध्येच अर्धा स्टड सरकवायचा असेल तर जंपर लावा. त्या १×२ प्लेटवर मधोमध एकच स्टड असतो.

तुकडे आडवे लावताना हिशेब कसा ठेवायचा?

बाजूला स्टड असलेले ब्रिक घ्या: १×१ चा ८७०८७, १×२ चा ११२११, चारही बाजूंना स्टड असलेला ४७३३. यांच्यावर प्लेट आडवी लावली की भिंत ३.२ मिमीने पुढे येते. हेडलाइट ब्रिक (४०७०) वेगळा आहे. त्याचा बाजूचा स्टड अर्धी प्लेट, म्हणजे १.६ मिमी, आत बसलेला असतो. म्हणून त्यावर लावलेली टाइल भिंतीच्या बाहेर अर्धी प्लेटच येते. खिडकीच्या चौकटीला आणि नावाच्या पाटीला हाच फरक खुलवतो.

उभ्या दिशेने आडव्या तुकड्यांचं माप पाच प्लेटींच्या पटीत ठेवा. दोन स्टड रुंद आडवी पट्टी पाच प्लेटींच्या खाचेत बरोबर बसते, चार स्टडांची दहा प्लेटींच्या. तीन स्टडांची पट्टी मात्र साडेसात प्लेटी होते. तिथे अर्धी प्लेट भरून काढायला ब्रॅकेट लागतो, ज्याचा उभा पत्रा अर्ध्या प्लेटएवढा जाड असतो.

स्क्रीनवर पक्कं दिसतं, हातात मोडतं. असं का?

सॉफ्टवेअरला भूमिती कळते. वजन, घर्षण आणि तुमची बोटं कळत नाहीत. स्थिरतेची तपासणी सुटे तुकडे दाखवते, पण एकाच स्टडवर लटकलेला छज्जाही तिच्या लेखी जोडलेलाच असतो. ठरलेल्या चुका अशा.

पहिली, सांधे एका रेषेत. संगणकावर १×४ च्या प्रती एकावर एक टाकणं सोपं, म्हणून भिंतीत उभ्या चिरा तयार होतात. प्रत्येक थर निदान एका स्टडने सरकवा आणि कोपऱ्यात थर एकमेकांत गुंतवा.

दुसरी, हात पोचत नाही. पडद्यावर बंद खोलीत मागून टेबल ठेवता येतं. प्रत्यक्षात तुकडा वरून दाबावा लागतो आणि खालून आधार लागतो. दोन बाजूंनी आडव्या स्टडांनी वेढलेल्या खाचेत शेवटचा तुकडा तर घुसतच नाही, कारण तो एकाच वेळी दोन दिशांना सरकायला हवा असतो. असा भाग वेगळा उपविभाग म्हणून बांधा आणि अख्खा आत सरकवा.

तिसरी, ताण. दोन स्टडांमधली फट ८ वजा ४.८, म्हणजे ३.२ मिमी. प्लेटची जाडीही ३.२. पडद्यावर उभी प्लेट त्या फटीत चपखल बसते. हातात तिला जराही मोकळी जागा उरत नाही, ती स्टडांना रेटते, आणि महिन्याभराने जवळचा तुकडा तडकतो किंवा फाकतो. कंपनीचे स्वतःचे डिझायनर असे जोड टाळतात. सॉफ्टवेअरची लाल खूण आली नाही म्हणजे जोड चालतो, असं समजू नका.

चौथी, साचणारा फरक. तीन प्लेटी म्हणजे एक ब्रिक, पण तीस प्लेटींची चवड दहा ब्रिकपेक्षा किंचित उंच भरते, कारण प्रत्येक सांध्यात केसभर फट राहते. उंच खांब एकीकडे प्लेटींचा आणि दुसरीकडे ब्रिकचा केला तर वरचा तुळईसारखा तुकडा तिरका बसतो. दोन्हीकडे सारखाच क्रम ठेवा.

पाचवी, बेसप्लेट. तिची जाडी प्लेटपेक्षा कमी असते आणि तिच्या खालून काही जोडता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तिच्याखाली ब्रिक ढकलता येतात, म्हणून ही चूक शेवटपर्यंत लपते. मॉडेल उचलून न्यायचं असेल तर बेसप्लेटऐवजी प्लेटींचे दोन थर, सांधे एकाआड एक ठेवून, हाच पाया.

म्हणून दर दोन-तीन तासांच्या कामानंतर संशयाची एक जागा हातातल्या तुकड्यांनी, कुठल्याही रंगात, बांधून बघा. पूर्ण मॉडेल नको, दहा-बारा तुकडे पुरतात.

फाइलच्या आत काय असतं? हाताने दुरुस्त करता येते का?

एलड्रॉची फाइल साधा मजकूर असते. कोणत्याही नोटपॅडमध्ये उघडते. एक ओळ म्हणजे एक तुकडा:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ म्हणजे ‘ही तुकड्याची ओळ’. ४ हा रंग, लाल. पुढचे तीन अंक जागा, नंतरचे नऊ अंक तुकडा कसा फिरवलाय ते, आणि शेवटी तुकड्याचं नाव. प्रत्यक्ष फाइलमध्ये हे सगळं रोमन लिपीत असतं. एकक ०.४ मिमीचं: स्टडला २०, ब्रिकच्या उंचीला २४, प्लेटला ८. उभा अक्ष उलटा असतो, म्हणजे वर जाणं उणे. या ब्रिकवर दोन स्टड सरकवून पिवळा ब्रिक ठेवायचा तर जागा ४० −२४ ० आणि रंग १४.

याचा उपयोग रंग बदलताना होतो. साडेचारशे ओळींत जुना करडा ७ च्या जागी नवा ७१ करायचा असेल तर ‘शोधा आणि बदला’ वापरा, पण रंगाच्या रकान्यापुरतंच. सरसकट ७ बदलला तर जागेचे आकडेही बिघडतात. स्टुडिओची स्वतःची फाइल अशी थेट उघडत नाही, आधी एलड्रॉच्या रूपात निर्यात करावी लागते.

सूचना पुस्तिका बनवताना काय पाहावं?

एका पायरीत चार ते सहा तुकडे, आणि ते सगळे एकाच कोनातून दिसणारे. कॅमेरा वारंवार फिरवू नका. फिरवणं अटळ असेल तिथे फिरवल्याची खूण द्या. काळा आणि गडद करडा शेजारी आले की कागदावर एकच दिसतात, म्हणून कडांच्या रेषा ठळक करा. दहापेक्षा जास्त वेळा येणारा भाग उपविभाग करून बाजूला ‘×१२’ लिहा. पुस्तिका झाली की ती न बघितलेल्या माणसाकडून बांधून घ्या. तो जिथे थांबतो ती पायरी चुकीची आहे.

तुकडे मागवायचे कुठून? भारतात काय अडचण येते?

स्टुडिओतून यादी थेट ब्रिकलिंकच्या हव्या असलेल्या तुकड्यांच्या यादीत जाते. आपल्याकडे आधीच काय आहे ते रीब्रिकेबल या संकेतस्थळावर संचांचे क्रमांक नोंदवून ताडता येतं. मागवण्याआधी यादीवर तीन हात फिरवा. न दिसणाऱ्या तुकड्यांचा रंग ‘कोणताही’ करा. एक-दोनच लागणारे वेगळे तुकडे दुसऱ्या नेहमीच्या तुकड्यांनी बदला. १×१ च्या बारीक तुकड्यांची संख्या दहा टक्क्यांनी वाढवा, कारण ते हरवतातच.

रंगांची नावं जपून वाचा. कंपनी ज्याला ‘ब्रिक यलो’ म्हणते तो ब्रिकलिंकवर ‘टॅन’ आहे, म्हणजे वाळूचा रंग, पिवळा नव्हे. कंपनीचा ‘मीडियम स्टोन ग्रे’ तिथे ‘लाइट ब्लुइश ग्रे’. नावापेक्षा क्रमांक आणि चित्र दोन्ही जुळवा.

पैसा जातो तो टपालात आणि सीमाशुल्कात. भारताने खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची केली. नियम आणि दर बदलत राहतात, त्यामुळे मागवण्याच्या आठवड्यातला दर पाहूनच निर्णय घ्या. पाच परदेशी दुकानांतून पाच पाकिटं मागवण्यापेक्षा देशातला विक्रेता आधी पाहा, मग एकाच दुकानात जास्तीत जास्त तुकडे मिळतील असं मॉडेल बदला. योग्य रंगाचा एखादा साधा संच फोडून घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिकडच्या सुट्या विक्रीचा फायदा घ्यावा. वजनावर मिळणारे मिश्र तुकडे भरावासाठी उत्तम.

न मिळणारा तुकडा थ्रीडी प्रिंट करावा का?

सजावटीचा असेल तर करा. पकड लागणारा असेल तर घरगुती प्रिंटरवर अपेक्षा कमी ठेवा. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सैल किंवा घट्ट ठरतं, आणि थरांनी छापलेला स्टड गोल नसून पायऱ्यापायऱ्यांचा असतो. घट्ट छापलेला तुकडा अस्सल तुकड्याला कायमचा फाकवतो.

दिवाळीचा किल्ला यातून करता येईल?

मातीचा किल्ला मातीचाच करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. पण त्यावरचे बुरुज, महादरवाजा, सदर हे ब्रिकचे करून मातीवर ठेवता येतात. गोल बुरुजासाठी १×२ चे ब्रिक एकाआड एक गोल १×१ ब्रिकांशी जोडत गेलं की भिंत वळते. स्क्रीनवर हे वळण हाताने फिरवून मिटवावं लागतं, म्हणून आधी टेबलावर वळवा, घेर मोजा, मग आकडे संगणकात घाला. माती ओली असताना खाली प्लास्टिकचा कागद ठेवा, नाहीतर नळ्यांत गेलेली लाल माती टूथब्रशनेही निघत नाही.

तयार मॉडेल ठेवायचं कसं?

खिडकीसमोर नको, सरळ उन्हाने पांढरा आणि निळा सगळ्यात आधी बिघडतात. धूळ आठवड्याला मऊ, कोरड्या मेकअप ब्रशने झटका. ओल्या फडक्याने ती स्टडांच्या कडेला चिखल होऊन बसते. जागा बदलताना छपराला धरून उचलू नका, पायाखाली पुठ्ठा सरकवा. आणि तुकडे सोडवताना दात वापरू नका: कडेला उमटलेली खूण जात नाही, सेपरेटर (९६८७४) स्वस्तात मिळतो, आणि त्याच्या दांड्याने अडकलेल्या टाइलाही निघतात.